नाद संपेपर्यंत गप्प

सोळाव्या वर्षी मी माझ्या आईचं गाणं पुसून त्यावर माझं गाणं भरलं.

कॅसेट एकच होती. तिची दुसरी प्रत कुठंही नव्हती. आणि हे नकळत झालं, असंही मला म्हणता येत नाही. त्या कॅसेटवर पुन्हा कुणी काही भरू नये म्हणून एका माणसानं चांगला बंदोबस्त करून ठेवला होता. तो मी डोकं लावून मोडला. त्या वर्षी अकरावीच्या फिजिक्समध्ये मला शंभरपैकी एकोणतीस मार्क होते. एवढं डोकं मी तिथं लावलं असतं, तर पप्पांना कॉलेजात जाऊन सरांपुढं हात जोडावे लागले नसते.

बंदोबस्त करणारा माणूस म्हणजे पिंपळे गुरवातले आमचे घरमालक. खाली ते एकटे, वर आम्ही तिघं. गल्लीत त्यांना सगळे इन्स्पेक्टर म्हणायचे. नवीन येणाऱ्या भाडेकरूला वाटायचं, हे पोलिसातले. त्यामुळे पहिले दोन महिने तो गाडीसुद्धा सरळ रेषेत लावायचा. मग त्याला कळायचं की हे क्वालिटीचे इन्स्पेक्टर. एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं. ओतून आलेला लोखंडी भाग हातोडीनं ठोकायचा आणि कानानं सांगायचं, चांगला की तडकलेला. चांगला असेल तर तो घंटेसारखा वाजतो आणि वाजत राहतो. आत तडा असेल तर भद्द करून गप्प होतो. डोळ्यांना तडा दिसत नाही.

मी एकदा त्यांना विचारलं, "पण एवढ्या आवाजात ऐकू कसं यायचं?"

"आवाज बाहेर आसतो. आपुन गप बसायचं," ते म्हणाले. "ठोकलं का नाद संपंस्तोवर तोंड उघडायचं न्हाई. लोकं काय करत्यात, ठोकत्यात आन् लगेच बोलत्यात. मग तडा ऐकू कसा येनार?"

रिटायर झाले तरी हातोडी काही रिटायर झाली नाही. वीतभर लांबीची ती हातोडी पँटच्या मागच्या खिशात असायची, जिथं बाकीच्या लोकांचा कंगवा असतो. गॅसचा सिलिंडर आला की ठोकायचे. कलिंगडवाला त्यांना बघून गाडी वळवायचा. आम्ही राहायला आलो तेव्हा, आई सांगते, त्यांनी आमचा प्रेशर कुकर ठोकून पाहिला आणि मगच किल्ली दिली. महापालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार मोठ्या गाडीतून मतं मागायला आला. हात जोडून उभा राहिला. इन्स्पेक्टर त्याच्या मागं गेले, गाडीच्या बॉनेटवर टक् करून ठोकलं, मान वाकडी करून ऐकलं. उमेदवार, त्याची दहा माणसं, सगळी गप्प. मग म्हणाले, "पत्रा पातळ हाय." आणि आत गेले. उमेदवार पडला. पत्र्यामुळेच पडला असं आमच्या गल्लीचं अजून मत आहे.

दुसरी गोष्ट स्टिकर. कंपनी सोडताना लोक घड्याळ घेतात, शाल घेतात. ह्यांनी स्टिकरांची तीन मोठी भेंडोळी आणली. हिरवा म्हणजे माल पास. लाल म्हणजे रिजेक्ट. पिवळा म्हणजे होल्ड. घरात, जिन्यात, अंगणात जिथं बघाल तिथं हे ठिपके. जिन्याची तिसरी पायरी हलायची, तिच्यावर लाल होता. ती दुरुस्त करायचं त्यांच्या मनात कधी आलं नाही, लाल लावला की त्यांची जबाबदारी संपली. पप्पांच्या स्कूटरवर पिवळा. माझी दहावीची मार्कशीट मी मोठ्या हौसेनं दाखवायला नेली, तर तिच्या मागच्या बाजूलाही पिवळा.

"म्हणजे काय?" मी म्हटलं.

"म्हंजी फेकायचा न्हाई आन् पाठवायचाबी न्हाई. निर्णय बाकी हाय."

"निर्णय कोण घेणार?"

"ज्याचा माल त्यो."

आता माझ्या गाण्याकडं येतो. टाळून चालणार नाही.

आमच्या घरात गाणं चालत नव्हतं. टीव्हीवर मालिकेचं शीर्षकगीत लागलं तरी आई आवाज बंद करायची आणि माणसं बोलायला लागली की परत वाढवायची. "डोकं दुखतं," म्हणायची. चाकणच्या एका कंपनीत ती गाड्यांच्या वायरी गुंफायच्या लाइनवर होती, तिथं दिवसभर खडखडाट, तेव्हा डोकं दुखत असेल असं मलाही वाटायचं. भांडी घासताना इतर आया गुणगुणतात, आमची आई भांडी घासताना फक्त भांडी घासायची.

अशा घरात मी रॅपर व्हायचं ठरवलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं उभा राहून, फोनवर फुकटातलं संगीत लावून मी सराव करायचो. माझं पहिलं आणि शेवटचं गाजलेलं गाणं असं होतं:

मी पिंपळे गुरवचा वाघ,
पोटात माझ्या आग,
शिफ्टच्या बसला लटकून आलो,
आता तू माझ्या मागं लाग!

शिफ्टच्या बसला मी आयुष्यात कधी लटकलो नव्हतो. कॉलेजला जाताना पप्पा स्कूटरवर सोडायचे.

एकदा इन्स्पेक्टर टाकी ठोकायला वर आले आणि त्यांनी ते पूर्ण ऐकलं. संपल्यावरही बराच वेळ मान वाकडी करून उभे. मला वाटलं, दाद येतेय.

"आग कधीपास्नं हाय?" त्यांनी विचारलं.

"कसली?"

"पोटातली. पित्त हाय ते. सकाळी उपाशीपोटी गार दूध घे."

त्यांच्या खोलीत एक जुना टू-इन-वन होता, रेडिओ आणि टेप एकत्र, आतच माइक असलेला, वर टेप किती पुढं गेली ते दाखवणाऱ्या काउंटरचे तीन आकडे फिरणारा. माझ्यासारख्या फोनवर वाढलेल्या पोराला ते यंत्र म्हणजे खजिना वाटायचा, कारण मी इंटरनेटवर वाचलं होतं की टेपवर भरलेला आवाज उबदार येतो. माझ्या आवाजात इतर काही नव्हतं, निदान ऊब तरी यावी. त्यांच्या खोलीची किल्लीही माझ्याकडं असायची, कारण पाण्याच्या मोटरचं बटण आत होतं आणि शनिवारी नळाला पाणी यायच्या वेळी ते घरी नसायचे. शनिवारी ते चाकणच्या बाजाराला जायचे. कांदा आणायला.

त्या कांद्याबद्दल सांगायला हवं. एकटा माणूस, दोन वेळची भाकरी, आणि दर शनिवारी पाठीवर अर्धं पोतं कांदा. अंगणात कांदा, जिन्याखाली कांदा. आम्हाला कांदा, शेजारच्यांना कांदा, पोस्टमनला कांदा. पिंपळे गुरवात भाजीवाले नव्हते का? होते, दाराशी यायचे. "चाकनचा कांदा येगळाच वाजतो," एवढंच ते सांगायचे. आणि रविवारी दुपारी आई एका डब्यात भाजी घेऊन खाली जायची, तास-दीड तास. का, तर म्हणे त्यांना पेपर वाचून दाखवायला. जो माणूस व्हर्नियर कॅलिपरवरची बारीक रेघ चष्म्याशिवाय वाचायचा, त्याला पेपर वाचून दाखवायला बाई कशाला लागते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मी स्वतःतच फार गुंतलेलो होतो.

तर एका शनिवारी मोटर चालू केली आणि टू-इन-वनपुढं बसलो. शेजारच्या डब्यात कॅसेट एकच. तिच्यावर नाव नाही, गाव नाही, नुसता एक पिवळा स्टिकर. मी ती घातली, रेकॉर्डचं बटण दाबलं. बटण खाली जाईना. मग फोनवर शोधलं. कळलं की कॅसेटच्या वरच्या कडेला एक छोटी पट्टी असते. ती तोडली की त्या खाचेमुळं कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. ही पट्टी कुणीतरी तोडली होती. आणि उपायही तिथंच लिहिला होता: खाच बुजवा.

मी इकडंतिकडं चिकटवायला काही शोधलं. मग कॅसेटवरचा तोच पिवळा स्टिकर नखानं सोलून काढला आणि खाचेवर लावला. बटण खाली गेलं. मला स्वतःचा अभिमान वाटला.

चार मिनिटं मी वाघ होतो. मग कॅसेट मागं फिरवून ऐकायला बसलो. खरंच ऊब होती. शेवटची आरोळी आली, खट् आवाज झाला, आणि त्याच्या पुढं, अर्ध्या ओळीतून, दोन बायकांचे आवाज निघाले.

"...वारा येईल, पुसून जाईल, पुन्हा गिरव त्यावर..."

बस, वीस-पंचवीस सेकंद. मग ढोलकीची थाप आणि नुसती खरखर. त्यातला एक आवाज जाड, भरलेला, अनोळखी. दुसरा कोवळा. पण आई मला जेवायला हाक मारते तेव्हा "ये"वर तिचा आवाज जरासा वर चढतो, तीच चढण त्या कोवळ्या आवाजात होती. 

मग सोळा वर्षांच्या शहाण्या मुलानं जे करायचं तेच मी केलं. कॅसेट सुरुवातीपर्यंत मागं फिरवली, डब्यात ठेवली, डबा होता तिथं ठेवला आणि कुणाला कळणार नाही असं स्वतःला सांगितलं. स्टिकर काढायला गेलो तर फाटायला लागला, म्हणून खाचेवरच राहू दिला. चोरानं आपलं आधारकार्ड मागं ठेवून जावं, तसा.

दुसऱ्या दिवशी रविवार. पप्पा वर झोपले होते. आई डबा घेऊन खाली गेली. मी पुस्तक उघडून बसलो. थोड्या वेळानं जमिनीखालून, फरशीतून, हळू आवाजात वर आलं:

"मी पिंपळे गुरवचा वाघ..."

स्वतःचं गाणं ऐकून इतकी भीती वाटलेला कलाकार दुसरा नसेल. सगळी चार मिनिटं वाजलं. कुणी बंद केलं नाही. मग तो तुकडा वाजला.  शेवटी खालून हाक आली, "ए वरच्या! खाली ये."

आई खाटेवर बसली होती, मांडीवर घडी न मोडलेला पेपर. इन्स्पेक्टर कॅसेट उजेडात धरून खाचेवरचा स्टिकर बघत होते.

"ह्यो कुनी लावला?"

"मी."

"डोकं लावलंस."

मी आईकडं बघितलं. तिनं मला मारावं असं मला मनापासून वाटत होतं. ती म्हणाली, "दादा, किती राहिलंय तेवढं परत लावा." त्यांनी तुकडा परत लावला. तिनं ऐकला. मग डबा उचलला, मला ओलांडून जिना चढून गेली. तिसरी पायरी हलली तेवढा आवाज झाला.

"मी इंटरनेटवर बघतो," मी म्हणालो. "पुसलेलं परत काढता येतं. एखादं सॉफ्टवेअर असेल."

"गप बस," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी बसलो. तेव्हा त्यांनी सांगितलं.

तीस-एक वर्षांपूर्वी वस्तीत त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला, विहाराच्या कार्यक्रमांना गायचे. गाणी हे लिहायचे आणि त्यात मुख्य गाणाऱ्या दोघी बहिणी, शकू आणि बेबी. बेबी म्हणजे माझी आई. शकू तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. मला मावशी आहे हे मला सोळाव्या वर्षी, एका गुन्ह्याच्या चौकशीत कळलं.

शकूमावशीनं पार्टीतल्या ढोलकीवाल्याशी लग्न केलं. तो आमच्यातला नव्हता. त्याच्या घरच्यांनी दार लावलं आणि आमच्या आजोबांनीही. आजोबांनी आईला समोर बसवून तीन शब्द घेतले. तिचं नाव तोंडात घ्यायचं नाही. तिच्या दारात पाय ठेवायचा नाही. आणि गायचं नाही, कारण हे सगळं गाण्यामुळं झालं. आजोबा जाऊन बारा वर्षं झाली होती, शब्द तसाच होता.

"आनि मावशी कुठं असते?" मी विचारलं. मीही त्यांच्यासारखं बोलायला लागलो होतो.

"चाकनला."

मला आधी कांदा आठवला. मग त्याहून वाईट आठवलं. आई रोज कंपनीच्या बसनं चाकणला जात होती. अकरा वर्षं, सकाळ-संध्याकाळ.

"चौकात बस वळती, तिथनं तिसरी गल्ली," इन्स्पेक्टर म्हणाले. "गल्लीकडच्या खिडकीत बसत न्हाई ती. पल्याडच्या बाजूला बसती."

शब्द मोडायचा नाही म्हणून दोघांनी एक वेगळीच रीत पाडली होती. शनिवारी मावशीही बाजारात यायची, मग हे तिच्याकडं चहा घ्यायचे. रविवारी कॅसेट ऐकून झाली की कांदे निवडता निवडता कांद्यांशी बोलायचे. "थोरल्याला नोकरी लागली." "गुडघं दुखत्यात म्हनं, पन ऐकत न्हाई." कोण, कुणाचं, काही नाही. आईनं कधी एक प्रश्न विचारला नाही. उठून कुठं गेलीही नाही. आम्ही त्या घरात का राहतो, असं मी पप्पांना विचारलं की ते म्हणायचे, इथलं पाणी चांगलं आहे. पाणी दिवसाआड यायचं.

"तुम्हीच का नाही दोघींना एकत्र आणलं?" मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. गुन्हेगाराला चढा आवाज लवकर येतो.

त्यांनी कॅसेट, तिच्यावरच्या फाटक्या पिवळ्या स्टिकरसकट, माझ्यापुढं धरली. "ह्यो कशाला लावला हुता मग? माल माझा हाय का?"

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. आई एक शब्दही बोलली नाही असं नाही. जेव म्हणाली, अंघोळ कर म्हणाली, फी भरली का विचारलं. हे सगळं नेहमीच्याच आवाजात. मी एकदा पप्पांना म्हणालो, "तुम्हाला सगळं माहीत होतं?"

निघोज्याच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून आलेले पप्पा बूट काढत होते. "दोन खोल्यांचं घर आहे," ते म्हणाले. "काय लपणार? तूच एक होतास, कानात बोंडं घालून फिरणारा."

शुक्रवारी संध्याकाळी आई खाली गेली. अंगणात इन्स्पेक्टर पोतं झटकत होते. मी जिन्यात, लाल पायरीच्या वर.

"दादा," आई म्हणाली, "उद्या सुट्टी टाकलीय मी. कांद्याला येते."

 हातोडीनं काही ठोकलं नव्हतं, तरी इन्स्पेक्टर कितीतरी वेळ मान वाकडी करून उभे राहिले. मग म्हणाले, "पिशवी मोठी घे."

ओझं उचलायला म्हणून मलाही नेलं. चाकणचा कांद्याचा बाजार ज्यानं पाहिला नाही, त्याला सांगून कळणार नाही. नजर जाईल तिथं लाल ढीग, ट्रकची रांग, लिलावाचा गलका, आणि पायाखाली नुसती टरफलं. आई रिक्षातून उतरली तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाली, "दारात जाणार नाही म्हणाले होते. बाजाराचं काही बोलणं झालं नव्हतं." हे तिला कधी सुचलं, ते तिनं सांगितलं नाही. मला वाटतं, फार आधीच सुचलेलं असणार. कॅसेट होती तोवर भागत होतं.

एका ढिगापाशी हिरव्या लुगड्यातली एक जाड बाई वाकून कांदे निवडत होती. आई तिच्या शेजारी जाऊन बसली आणि कांदे निवडायला लागली. दोघींनी एकमेकींकडं बघितलंसुद्धा नाही. आठ-दहा कांदे झाले असतील.

"बारीक हाय यंदा कांदा," ती बाई म्हणाली.

"हो ना," आई म्हणाली.

"टिकायचा न्हाई."

"टिकेल की."

मग त्या बाईनं आईच्या हातातला कांदा काढून घेतला, तो कुजका होता, बाजूला टाकला आणि तिचा हात तसाच धरून ठेवला. दोघींच्या डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, आता आपण काहीतरी बोलून प्रसंग हलका करावा. मी म्हणालो, "कांद्यानं होतं असं."

न चिरलेल्या कांद्यानं डोळ्यांत पाणी येत नाही, हे त्या बाजारात फक्त मला माहीत नव्हतं.

मावशीनं मान वर करून मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "ह्यो कोन?"

"माझा," आई म्हणाली.

"बोलतो लई."

इन्स्पेक्टर दहा पावलांवर उभे होते. हातोडी खिशात, दोन्ही हात मागं. कांद्याकडं बघितलंही नाही त्यांनी. त्या शनिवारी आम्ही बाजारातून कांदा न घेता परत आलो, आणि पुढच्या आठवड्यात आईला भाजीवाल्याकडून अर्धा किलो आणावा लागला.

इन्स्पेक्टर गेले त्याला आता चार वर्षं होतील. मीही शेवटी चाकणलाच लागलो. लाइनवरून उतरलेल्या गाडीत बसायचं, खडबडीत रस्त्यावरून फिरवायची आणि आत कुठं काय वाजतंय ते ऐकायचं, हे माझं काम. मुलाखतीत विचारलं, अनुभव काय? मी म्हणालो, आमचे घरमालक. त्यांची हातोडी माझ्या टेबलाच्या खणात आहे. गाडीत बसलो की मी गप्प असतो, घरी येऊन त्याची भरपाई करतो. पण हे पुढचं झालं. गाण्याचं सांगायचं राहिलंय.

चाकणनंतर दोनेक आठवड्यांनी, रविवारी दुपारी, मावशी आमच्या पिंपळे गुरवच्या घरी आली. आमचं दार तिला बंद आहे असं आजोबांनी कुठं म्हटलं नव्हतं. तिसऱ्या पायरीवर पाय ठेवताच आई म्हणाली, "सांभाळ शके." तीन शब्दांतला एक तिथं गेला. पायरी हलली, नाव निघालं. आई क्षणभर थबकली आणि मग पुन्हा म्हणाली, "शके, सांभाळ."

इन्स्पेक्टरांनी टू-इन-वन पुसून ठेवला होता. मी फोनवर रेकॉर्ड करू या म्हणालो.

"फोनमधलं कुनीबी पुसंल," ते म्हणाले. "आन् घरात तू हाईस."

त्यांनी तीच कॅसेट घातली. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं. माझ्या गाण्यावर भरणार होते ते. मला वाईट वाटलं. इतकं सगळं होऊनसुद्धा मला माझ्या वाघाबद्दल वाईट वाटलं, हेही लिहून ठेवतो.

माझ्यावर एकच काम सोपवलं. गाणं चार मिनिटांत बसवायचं होतं आणि त्याच्या पुढं जुना तुकडा होता, तो पुसला जाता कामा नये. काउंटरचा आकडा बघायचा आणि एकशे बाराच्या आत बंद करायचं. "नाद संपला, का बटन दाबायचं. तोंड उघडायचं न्हाई," इन्स्पेक्टर म्हणाले. "कळलं?" मी मान हलवली. एवढं काम मला जमेल असं सगळ्यांना वाटलं, पप्पा सोडून.

ढोलकीवाले काका बसवर ड्युटीला होते. ठेका इन्स्पेक्टरांनी धरला. फाउंड्रीतला एक पास झालेला लोखंडी तुकडा त्यांनी दोरीला टांगला होता, त्यावर हातोडीनं. आईनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. परत उघडलं, तर खोकला आला. मावशीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि एकटीनंच सुरुवात केली:

"राखेत गिरव गं बाई, पहिलं तुझं अक्षर..."

दुसऱ्या ओळीला आई आली. आवाज फाटलेला होता. कॅसेटवरची ती कोवळी मुलगी माझ्याएवढी, सोळाची होती, आणि ही वायरी गुंफून बोटांना घट्टे पडलेली बाई. पण "येईल"वरची चढण तीच होती. पप्पा दारात उभे होते. ते खाली बघत होते, जणू फरशी नवीन बसवली आहे.

मी आकड्याकडं बघत होतो. नव्व्याण्णव. शंभर. एकशे चार. शेवटची ओळ संपली, दोघींचा सूर थांबला, इन्स्पेक्टरांनी शेवटचा ठोका दिला. तो तुकडा वाजत राहिला. वाजतच राहिला. एकशे आठ. कुणी हलेना. एकशे नऊ.  एकशे दहा. माझं बोट बटणावर होतं, फक्त दाबायचं होतं.

ती कॅसेट आईकडं आहे, तिच्यावर हिरवा स्टिकर आहे. ती लावली की आधी चाळिशीतल्या दोघी बहिणी गातात आणि शेवटी सोळा-अठराच्या, त्याच ओळीवर. मधल्या दोन आकड्यांच्या जागेत, लोखंडाचा नाद अजून विरलेला नसताना, दोन माणसं बोलतात. पहिला मी आहे. मी म्हणतो, "भारी झालं! बंद करू का?"

दुसरे इन्स्पेक्टर आहेत.

"येड्या, त्यो स्टिकर कॅसेटला कशाला लावलास, तुज्या तोंडाला लावायचा हुता."